पडद्याच्या वतीने कोण बोलतं? व्हिडिओ एक्स्टेंडर आणि ईडीआयडीची सेटिंग



आजचा विषय एका छोट्या डब्याचा आहे. सभागृहात लॅपटॉप व्यासपीठावर असतो आणि प्रोजेक्टर मागे, छताला टांगलेला. मधलं अंतर सहज तीस-चाळीस मीटर. एवढ्या लांब एचडीएमआयची साधी तांब्याची केबल चालत नाही, म्हणून मध्ये दोन डबे येतात. व्यासपीठाजवळचा पाठवणारा, म्हणजे ट्रान्समीटर. प्रोजेक्टरजवळचा घेणारा, म्हणजे रिसीव्हर. दोघांना जोडणारी एक कॅट-सिक्स केबल. या जोडीला एक्स्टेंडर म्हणतात. ट्रान्समीटरच्या अंगावर बहुधा तीन-चार बारीक स्विच असतात आणि शेजारी छापलेलं असतं, ‘ईडीआयडी’. बऱ्याच ठिकाणी हे स्विच कारखान्यातून जसे आले तसेच वर्षानुवर्षं राहतात. ते कशासाठी आहेत हे हॉल चालवणाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मग काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एका वक्त्याचा लॅपटॉप लगेच चालतो, दुसऱ्याचा चालत नाही. कधी चित्र येतं, पण अक्षरं फुगलेली दिसतात. कधी चित्र झकास आणि आवाज गायब. मग केबल बदलून बघतात, प्रोजेक्टरला दोष देतात, वक्त्याच्या लॅपटॉपला दोष देतात आणि शेवटी बोलणी खातो तो हॉलमधला तंत्रज्ञ मुलगा. आम्ही सभागृहांच्या दृक्-श्राव्य व्यवस्थेचं काम करणारी मंडळी. अशा तक्रारींच्या मागे गेलं की पुष्कळदा असं दिसतं की केबल ठीक आहे, प्रोजेक्टर ठीक आहे. चित्र निघण्याआधी दोन यंत्रांमध्ये जी प्रश्नोत्तरं होतात, त्यांत उत्तर चुकीचं गेलेलं आहे. त्या उत्तराबद्दल, आणि ते आपल्या हातात कसं घ्यायचं याबद्दल आज बोलू.

चित्राआधीचा बायोडाटा

लॅपटॉपला पडदा जोडला की लॅपटॉप लगेच चित्र पाठवत नाही. आधी विचारतो, ‘तू कोण? तुला काय काय झेपतं?’ पडदा एक छोटा मजकूर देतो. त्याचं नाव एक्स्टेंडेड डिस्प्ले आयडेंटिफिकेशन डेटा, म्हणजेच ईडीआयडी. आपल्या भाषेत सांगायचं तर पडद्याचा बायोडाटा.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या व्हीजीए जोडणीत दोन-चार पिनांवरून पडद्याचा साधारण प्रकार कळायचा, बाकी रिझोल्यूशन माणसाने हाताने निवडायचं. चुकीचं निवडलं की पडदा काळा किंवा चित्र तिरपं. १९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने डीडीसी नावाची पद्धत आणि तिच्यासोबत ईडीआयडीचा नमुना ठरवून दिला. आज एचडीएमआय असो, डिस्प्लेपोर्ट असो, हाच नमुना थोड्याफार वाढीसह चालतो.

मूळ बायोडाटा फक्त १२८ बाइटचा असतो. एका एसएमएसमध्ये १६० इंग्रजी अक्षरं मावतात, त्याहूनही लहान. पहिल्या आठ बाइट ठरलेल्या असतात, त्यावरून ‘हा ईडीआयडी आहे’ हे ओळखायचं. मग कंपनीचा तीन अक्षरी कोड. सॅमसंगचा ‘एसएएम’, डेलचा ‘डीईएल’. एलजीच्या पडद्यांवर मात्र आजही ‘जीएसएम’ दिसतं, कारण कंपनीचं आधीचं नाव गोल्डस्टार होतं. पुढे मॉडेल, अनुक्रमांक, कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनवला ते. मग पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. प्रोजेक्टरला स्वतःचा ठरलेला पडदा नसतो, म्हणून तिथे शून्य लिहायची सोय आहे.

आपल्या कामाचा भाग त्यापुढे येतो. कोणती रिझोल्यूशन चालतात त्यांची यादी आणि तिच्यात ‘मला हे सगळ्यात जास्त आवडतं’ अशी एक पहिली पसंती. लॅपटॉप बहुतेक वेळा ही पसंतीच उचलतो. शेवटची, १२८वी बाइट म्हणजे ताळा. सगळ्या बाइटांची बेरीज केली तर तिला २५६ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. गेला नाही तर मजकूर वाटेत बिघडला असं समजायचं.

टीव्ही आणि प्रोजेक्टरसाठी याला आणखी १२८ बाइटची पुरवणी जोडलेली असते. ‘मी नुसता डीव्हीआय नाही, एचडीएमआय आहे’ ही खूण तिच्यात असते. टीव्हीच्या जगातली रिझोल्यूशन, आवाजाचे प्रकार, किती चॅनेल, किती वेगापर्यंत सिग्नल चालेल, हेही तिथेच. ही पुरवणी लक्षात ठेवा. आवाज गायब होण्याची पुष्कळ प्रकरणं इथेच सापडतात.

बायोडाटा जातो कुठून?

एचडीएमआयच्या नेहमीच्या कनेक्टरला १९ पिना असतात. बहुतेक पिना चित्राच्या. पण १५ आणि १६ या दोन पिनांवर ही प्रश्नोत्तरं चालतात. १८ नंबरच्या पिनेवरून लॅपटॉप पडद्याला ५ व्होल्ट देतो. बायोडाटा ज्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो तिला एवढी वीज पुरते, म्हणून पडदा बंद असतानाही तो वाचता येण्याची सोय आहे. १९ नंबरची पिन म्हणजे ‘हॉट प्लग’. ‘मी आलोय, आता विचारा’ असा इशारा पडदा या पिनेवरून देतो. बायोडाटा बदलला तर पडद्याने ही पिन निदान १०० मिलिसेकंद खाली धरून पुन्हा वर करायची. मग लॅपटॉप नव्याने वाचतो.

क्रम असा झाला: लॅपटॉप ५ व्होल्ट देतो, पडदा हॉट प्लग वर करतो, लॅपटॉप बायोडाटा वाचतो, त्यातून एक रिझोल्यूशन निवडतो आणि मगच चित्र सोडतो. चित्र कसं येणार हे चित्र सुटण्याआधीच ठरलेलं असतं.

मध्यस्थ आला

आता मध्ये एक्स्टेंडर ठेवा. पिन १५-१६ वरची ही प्रश्नोत्तरं फार सावकाश, सेकंदाला एक लाख ठोक्यांपर्यंतच्या वेगाने चालतात आणि ती दोन-चार मीटरच्या केबलसाठी आखलेली आहेत. चाळीस मीटरवर ती तशीच्या तशी ताणता येत नाहीत. म्हणून ट्रान्समीटर आणि रिसीव्हर त्यांचं ओझं आपल्या पद्धतीने पलीकडे वाहून नेतात, किंवा ट्रान्समीटर स्वतःच्या मेमरीतून स्वतःच उत्तर देतो.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. लॅपटॉपची गाठ प्रोजेक्टरशी पडतच नाही. त्याची गाठ पडते ट्रान्समीटरशी. स्थळ बघताना घरचे लोक एकमेकांना भेटलेले नाहीत, सगळं मध्यस्थाच्या तोंडून चाललंय, तसं. मध्यस्थ जे सांगेल ते खरं मानून लॅपटॉप निर्णय घेणार. मध्यस्थाने काय सांगायचं, हे त्या बारीक स्विचांनी ठरतं.

मॉडेलप्रमाणे नावं बदलतात, पण पर्याय मुळात तीनच.

पहिला पासथ्रू. मध्यस्थ पडद्याचा बायोडाटा जसाच्या तसा पुढे करतो. पडदा एकच असेल, कायमचा असेल आणि मधली वाट त्याच्या तोडीची असेल तर हा उत्तम. पण पडदा स्टँडबायमध्ये गेला, रिसीव्हरची वीज गेली, तर मध्यस्थाकडे सांगायला काहीच उरत नाही.

दुसरा कॉपी. काही मॉडेलवर याला ‘लर्न’ म्हणतात. एकदा पडदा चालू करून जोडायचा, बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकला की मध्यस्थाने बायोडाटा उतरवून घेतला. यापुढे पडदा झोपलेला असला तरी तोच बायोडाटा दाखवला जातो. पण पडदा बदलला आणि कॉपी पुन्हा केली नाही, तर जुन्याच पडद्याचं वर्णन चालू राहतं. नवा प्रोजेक्टर बसवल्यावर ‘चित्र आधीसारखंच का?’ असा प्रश्न आला की आधी इथे बघावं.

तिसरा फिक्स. मध्यस्थाच्या पोटात कारखान्यातूनच काही तयार बायोडाटा भरलेले असतात: १०८०पी आणि दोन चॅनेल आवाज, १०८०पी आणि अनेक चॅनेल आवाज, फोरके ३० हर्ट्झ, फोरके ६० हर्ट्झ, शिवाय एखादा डीव्हीआय. स्विच कसे ठेवले की कोणता निघतो याचा तक्ता माहितीपत्रकात असतो, कधी डब्याच्या पोटावरच चिकटवलेला असतो. तो तक्ता मॉडेलगणिक वेगळा असतो. एका कंपनीची सवय दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर वापरू नये.

शब्द द्यायचा तो झेपेल एवढाच

आता मुद्द्यावर येऊ. ईडीआयडी दिसायला माहिती आहे, पण लॅपटॉपच्या बाजूने बघितलं तर तो शब्द आहे. ‘एवढं पाठव, आम्ही घेतो’ असा. आणि हा शब्द फक्त पडद्याचा नाही. पडदा, रिसीव्हर, कॅट-सिक्स, ट्रान्समीटर, मध्ये लावलेला स्प्लिटर, रेकॉर्डर, या सगळ्यांच्या वतीने तो दिलेला असतो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूण म्हणजे साखळीतला सगळ्यात कमजोर दुवा.

थोडं गणित करू, म्हणजे पटेल. फुल एचडी चित्र १९२०×१०८० ठिपक्यांचं. पण चित्राभोवतीची मोकळी जागा धरून प्रत्यक्षात एका फ्रेममागे २२००×११२५ ठिपक्यांएवढा वेळ खर्च होतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सेकंदाला १४.८५ कोटी ठिपके. एचडीएमआयच्या नेहमीच्या पद्धतीत तीन वाहिन्यांवर दर ठिपक्यामागे प्रत्येकी १० बिट जातात. गुणाकार करा: सेकंदाला साधारण ४.४६ गिगाबिट.

फोरकेला हेच ४४००×२२५० होतं. ६० फ्रेमना सेकंदाला ५९.४ कोटी ठिपके, म्हणजे १७.८२ गिगाबिट. फुल एचडीच्या बरोबर चौपट. ३० फ्रेमवर आणलं तर निम्मं, ८.९१ गिगाबिट.

आता एक्स्टेंडरकडे बघा. कॅट केबलवरून चालणारी एचडीबेसटी ही पद्धत २०१० पासून आहे आणि तिच्या पहिल्या पिढ्यांची मर्यादा १०.२ गिगाबिट. हॉलमध्ये असा एक्स्टेंडर बसवलेला आहे. पुढे कुणीतरी हौसेने नवा फोरके टीव्ही आणून लावला. स्विच पासथ्रूवर. टीव्ही खरंच सांगतोय, ‘मला फोरके ६० आवडतं.’ मध्यस्थ ते जसंच्या तसं पुढे करतो. नवा लॅपटॉप ते ऐकतो आणि १७.८२ गिगाबिट सोडतो. वाट १०.२ ची. पडदा काळा. जुना लॅपटॉप मुळात फोरके ६० देऊच शकत नाही, तो खाली उतरून पाठवतो आणि मजेत चालतो. म्हणून लोक म्हणतात, नवा लॅपटॉप बिघडलेला आहे!

इथे खोटं कुणी बोललेलं नाही. टीव्ही स्वतःपुरतं खरं बोलला. पण वाटेच्या वतीने बोलायचं काम मध्यस्थाचं होतं आणि त्याला कुणी ते सांगितलेलं नव्हतं. काही चांगले एक्स्टेंडर पासथ्रूमध्येही न झेपणारे पर्याय बायोडाट्यातून आपणहून गाळतात. काही सिग्नल दाबून लहान करतात. सगळेच तसं करत नाहीत. स्विच फोरके ३० किंवा १०८०पी वर ठेवला की प्रश्न मिटतो.

काही डब्यांवर ‘फोरके ६०, ४:२:०’ असाही पर्याय असतो. यात रंगाची माहिती कमी करून सिग्नल निम्मा होतो, म्हणजे ८.९१ गिगाबिटमध्ये फोरके ६० बसतं. सिनेमाला डोळा फरक करत नाही. पण पांढऱ्यावर लाल बारीक अक्षरं असलेली स्लाइड लावली की कडा मळकट दिसतात. व्याख्यानाच्या हॉलमध्ये दाखवायची ती अक्षरंच, म्हणून आम्ही तिथे १०८०पी पसंत करतो.

एक लॅपटॉप, अनेक पडदे

हॉलमध्ये पडदा बहुधा एकटा नसतो. छताला प्रोजेक्टर, वक्त्यासमोर छोटा टीव्ही, बाजूला रेकॉर्डर. समजा प्रोजेक्टर जुना, १२८०×८०० चा आहे. टीव्ही आणि रेकॉर्डर फुल एचडीचे. पासथ्रू ठेवला आणि बायोडाटा प्रोजेक्टरचा गेला, तर लॅपटॉप १२८०×८०० पाठवणार. प्रोजेक्टरवर अक्षरं एकदम रेखीव. पण रेकॉर्डर टीव्हीच्या जगातली ठरावीक रिझोल्यूशनच घेणारा असेल तर त्याला हे पटणार नाही.

उलट १०८०पी फिक्स केलं तर रेकॉर्डर आणि टीव्ही खूश, पण प्रोजेक्टर चित्र लहान करून दाखवणार, अक्षरं किंचित मऊ होणार. आधी प्रोजेक्टर १०८०पी घेतो ना, हे माहितीपत्रकात बघावं. बरेचसे घेतात.

निवड कशी करायची? कोणाचं नुकसान भरून निघत नाही ते बघायचं. प्रोजेक्टरवर अक्षरं थोडी मऊ दिसली तर पुढच्या वेळी अक्षर मोठं ठेवता येतं. रेकॉर्डिंगच झालं नाही तर ते भाषण गेलं. म्हणून रेकॉर्डिंग असेल तिथे १०८०पी, ६० हर्ट्झ हे आमचं ठरलेलं उत्तर आहे.

गेलेला आवाज

आता ही व्याख्यानं घरून ऐकणाऱ्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा भाग.

पुष्कळ सभागृहांत लॅपटॉपचा आवाज एचडीएमआयमधूनच घेतात. ट्रान्समीटर किंवा रिसीव्हर तो वेगळा काढून मिक्सरला देतो आणि रेकॉर्डर तर सरळ एचडीएमआयमधलाच घेतो. आता छताचा प्रोजेक्टर बघा. त्याला स्पीकर नाही. त्यामुळे त्याच्या बायोडाट्यात आवाजाचं कलम नसण्याची शक्यता असते. पासथ्रू असेल तर मध्यस्थ हेच पुढे सांगतो: ‘आमच्याकडे आवाज घेत नाहीत.’ लॅपटॉप सज्जन आहे. त्याला सांगितलं आवाज नको, तो पाठवत नाही. आवाजाच्या यादीत एचडीएमआय हा पर्यायच दिसत नाही. वक्त्याने दाखवलेली जुनी ध्वनिफीत लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरमधून बारीक वाजते. पुढच्या दोन रांगांना ऐकू येते. ऑनलाइन श्रोत्यापर्यंत काहीच पोचत नाही. चित्र मात्र नीट दिसत असतं, त्यामुळे कार्यक्रम संपेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

डीव्हीआयचा बायोडाटा निवडला तरी हेच. त्यात एचडीएमआयची खूण नसते, म्हणून लॅपटॉप आवाजाशिवाय नुसतं चित्र सोडतो.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. बायोडाटा अनेक चॅनेलचा, सिनेमागृहाला शोभेल असा निवडला. सोर्स डॉल्बीसारखा बांधलेला आवाज पाठवतो. तो उलगडायची सोय मिक्सरच्या वाटेवर नाही. परत शांतता.

यावर उत्तर एकच: ‘१०८०पी, दोन चॅनेल पीसीएम’. पीसीएम म्हणजे न बांधलेला, सरळ आवाज, जो जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळतो. भाषणाला दोन चॅनेल पुरून उरतात.

प्रत्यक्ष सेटिंग करताना

आता कामाचा क्रम सांगतो. लिहून घ्या.

एक. कागदावर साखळी काढा. लॅपटॉपचा ॲडॅप्टर, केबल, ट्रान्समीटर, कॅट केबल, रिसीव्हर, स्प्लिटर, प्रत्येक पडदा, रेकॉर्डर. प्रत्येकासमोर लिहा: जास्तीत जास्त रिझोल्यूशन किती, गिगाबिट किती, आवाज कोणता.

दोन. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लहान आकडा शोधा. तेच तुमचं अंथरूण.

तीन. त्या मापाचा किंवा त्याखालचा तयार बायोडाटा तक्त्यात शोधा आणि ट्रान्समीटरचे स्विच तसे ठेवा. तयार बायोडाटा नीट बसत नसेल तरच कॉपीकडे वळा. सेटिंग ट्रान्समीटरवर करायची, कारण लॅपटॉपशी बोलणारा तोच आहे.

चार. ट्रान्समीटरची वीज बंद करून पुन्हा चालू करा. पुष्कळ डबे स्विच फक्त सुरू होताना वाचतात. नंतर लॅपटॉपची केबल काढून परत लावा, म्हणजे हॉट प्लग मिळून तो नवा बायोडाटा वाचेल.

पाच. लॅपटॉपला विचारा. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’खाली पडद्याचं नाव, रिझोल्यूशन आणि हर्ट्झ दिसतात. मॅकवर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये. लिनक्सवर ‘ईडीआयडी-डीकोड’ नावाचं मोफत साधन आख्खा बायोडाटा उलगडून दाखवतं. पडद्याच्या नावाच्या जागी एक्स्टेंडरचं नाव दिसलं तर दचकू नका. मध्यस्थ स्वतःच्या नावाने बोलतोय एवढाच त्याचा अर्थ. मग आवाजाच्या यादीत एचडीएमआय आहे का ते बघा आणि प्रत्यक्ष काहीतरी वाजवून रेकॉर्डरवर हेडफोनने ऐका.

सहा. निदान तीन वेगळे लॅपटॉप लावून बघा: एक जुना, एक नवा, एक यूएसबी-सीवाला.

सात. स्विच कसे ठेवले, का ठेवले आणि कधी ठेवले ते कागदावर लिहून डब्यालाच चिकटवा. तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला तोच कागद वाचवणार आहे.

दोष नेमका कुठे?

सगळं खापर ईडीआयडीवर फोडू नये. लक्षणांवरून वाटा वेगळ्या करता येतात.

लॅपटॉपला पडदाच दिसत नाही, किंवा ६४०×४८० नाहीतर १०२४×७६८ असं काहीतरी जुनाट रिझोल्यूशनच मिळतं: बायोडाटा वाचला गेला नाही. फिक्स सेटिंग लावून बघा. सुधारलं तर दोष पलीकडच्या वाटेत किंवा पडद्यात.

लॅपटॉप सांगतो सगळं ठीक, फोरके चालू आहे, पण पडदा काळा किंवा मधूनच लुकलुकतो, ठिपके चमकतात: वाट अपुरी आहे. लॅपटॉपमध्ये हाताने १०८०पी करा. चित्र स्थिर झालं तर शब्द जास्त मोठा दिला गेला होता. १०८०पी वरही लुकलुकत असेल तर कॅट केबल आणि तिची टोकं तपासा.

स्लाइड दिसतात, पण सिनेमाच्या सेवेतला व्हिडिओ लावला की काळं: हे एचडीसीपीचं कुलूप. तीही प्रश्नोत्तरं पिन १५-१६ वरच होतात, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात. पण ते कुलूप ईडीआयडीच्या स्विचने उघडत नाही. त्यासाठी साखळीतलं प्रत्येक यंत्र त्या कुलपाला मान्य असणारं हवं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, हॉलमध्ये जाऊन आम्हीच लॅपटॉपवर १०८०पी निवडलं तर? मग स्विचला हात लावायची गरज काय?

उत्तर: चालेल, पण तुमच्यापुरतं. हॉलमध्ये रोज नवा वक्ता येतो. कुणी सत्तरीतले प्राध्यापक, कुणी पहिल्यांदाच बोलणारी विद्यार्थिनी. त्यांनी भाषणाआधीची पाच मिनिटं डिस्प्ले सेटिंगमध्ये का घालवावीत? स्विच एकदा नीट ठेवला की प्रत्येकाला पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर मिळतं. शिवाय पडदाच दिसत नसेल तर लॅपटॉपवर निवडणार कुठून?

प्रश्न: फिक्स ठेवलं तेव्हापासून एक त्रास होतोय. प्रोजेक्टर बंद असला तरी लॅपटॉपला पडदा जोडलेलाच दिसतो. स्लाइडची खिडकी भलतीकडेच जाऊन बसते.

उत्तर: बरोबर निरीक्षण आहे. फिक्स आणि कॉपी या दोन्हींचा हा तोटा. मध्यस्थ कायम ‘आम्ही आहोत’ म्हणतो, मग पडदा जागा असो की झोपलेला. प्रोजेक्टर आधी चालू करायचा आणि केबल नंतर लावायची, ही सवय हॉलमध्ये लावा. आणि लॅपटॉप ‘डुप्लिकेट’वर ठेवला की दोन्हीकडे एकच चित्र राहतं, खिडकी हरवत नाही.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय नाही, फक्त यूएसबी-सी. ॲडॅप्टर लावला की कधी फोरके मिळतं, कधी मिळत नाही.

उत्तर: तुमचा ॲडॅप्टर हाही एक मध्यस्थच आहे. यूएसबी-सीमधून बहुधा डिस्प्लेपोर्टचा सिग्नल निघतो आणि ॲडॅप्टर त्याचा एचडीएमआय करतो. त्यालाही मर्यादा असते. काही ॲडॅप्टर फोरके ३० पर्यंतच जातात. म्हणून साखळी काढताना तो पहिल्या ओळीत लिहा. आणि हॉलने स्वतःचा एक तपासलेला ॲडॅप्टर केबलला बांधून ठेवावा, हे सगळ्यात स्वस्त.

प्रश्न: मग फोरके पडद्यावर एवढे पैसे घालून १०८०पी दाखवायचं म्हणजे वाया गेले की!

उत्तर: पडदा पुढची दहा वर्षं राहील. वाट बदलता येते. पुढे १८ गिगाबिटचा एक्स्टेंडर किंवा फायबर टाकलं की त्या दिवशी स्विचही वर सरकवा. तोपर्यंत काळ्या फोरकेपेक्षा चालणारं १०८०पी केव्हाही चांगलं. फक्त नवी वाट टाकल्यावर स्विच बदलायला विसरू नका. नवा एक्स्टेंडर कारखान्यातून कोणत्या सेटिंगवर आलाय ते बघितल्याशिवाय पॅनेलचं झाकण लावायचं नाही.

वेळ झाली आहे. उरलेले प्रश्न लिहून पाठवा. आपल्या हॉलच्या साखळीचा कागद सोबत जोडलात तर उत्तर नेमकं देता येईल.